कार्ड कुणाचं, खातं कुणाचं

अगं, आधी अभिनंदन. फराळाच्या ऑर्डरचं ॲप तू एकटीने बांधलंस, काकूंच्या बचत गटातल्या बायकांना फोनवर चालवून दाखवलंस आणि त्यांनी ‘चालेल’ म्हटलं, ही काही लहान गोष्ट नाही. आता ते लॅपटॉपवरून उचलून भाड्याच्या सर्व्हरवर चढवायचंय. चढव. पण तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, खात्यावर ईमेल तुझा, मोबाइल तुझा आणि डेबिट कार्डही तुझंच दिसतंय. ते कार्ड आधी काढ. मग बाकीचं बोलू.

घाबरवत नाहीये. क्लाउडचा हिशेब आधी वापर आणि मग बिल असा असतो, एवढंच लक्षात आणून देतेय. मशीनचे पैसे तासावर, डिस्कचे जीबीवर, बाहेर जाणाऱ्या डेटाचे जीबीवर. इतकंच काय, पब्लिक आयपी पत्त्यालासुद्धा एडब्ल्यूएस फेब्रुवारी २०२४पासून तासाला अर्धा सेंट लावतं. महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर नुसत्या पत्त्याचे. ठरलेल्या रकमेला पोचलं की सगळं आपोआप बंद, असं तिथे होत नाही. ‘बजेट’ नावाची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लाव. पण वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर ती फक्त ईमेल पाठवते, मशीन थांबवत नाही. शिवाय बिलाचे आकडे काही तास मागेच असतात. तुझी ॲक्सेस की चुकून गिटहबवर गेली तर ती शोधत फिरणारे प्रोग्रॅम मिनिटांत ती उचलतात आणि तुझ्या खात्यावर आभासी नाणी खोदायला मोठमोठी मशिन्स लावतात. ते बिल कुणाच्या नावावर येईल?

म्हणून खातं गटाच्या नावाने उघड. ईमेलही गटाचा नवा, खास याच कामासाठी. अध्यक्षबाईंच्या भाच्याचा जीमेल नको. तो भाचा उद्या कॅनडाला जातो आणि ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या सिमवर जातो, हे मी हिंजवडीत बसून इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. मुख्य लॉगिन, ज्याला रूट म्हणतात, त्याला दुहेरी पडताळणी लाव, पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाल आणि ते पाकीट गटाच्या खजिनदारांकडे दे. तू रोजच्या कामाला वेगळा, मोजक्या अधिकारांचा यूजर करून घे. गटाचा जीएसटी नंबर असेल तर तोही खात्यात भर. बिलावर १८ टक्के लागतोच, निदान क्रेडिट तरी मिळू दे.

कार्डाचंही एक लफडं आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर ई-मँडेट लागतं, कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते आणि जून २०२२पासून रक्कम १५ हजारांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण परदेशी कंपनीकडून सर्व्हर घेतला की कधी कधी कार्ड गुपचूप नाकारलं जातं, आठवणीचे ईमेल कुणी वाचत नाही आणि ऐन हंगामात खातं गोठतं. तेव्हा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बिल भरलं गेलं का हे खजिनदारांनीच बघायचं, असं आत्ताच ठरवून टाक. डोमेनचंही तेच. डोमेन तुझ्या नावावर असलं की काकूंचं दुकान तुझ्या खिशात, आणि ते ओझं तुला झेपणारं नाही.

काकूंना हे कसं सांगू, असं तुला वाटतंय, माहीत आहे मला. ‘पोरगी आत्तापासूनच पैशांचं बोलते’ असं कुणी म्हणेल याची धास्ती. सरळ म्हण: “काकू, सर्व्हर तुमचा, त्याचं बिल थेट तुम्हाला येईल. मी माझ्या कामाचे पैसे वेगळे घेईन.” दोनच वाक्यं, आणि ती चहा यायच्या आधी बोल. चहा-चिवडा झाला की तुझ्या तोंडून निघायची नाहीत.

आता सर्व्हर कुठला. क्लाउडवर भाड्याने घ्यायचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांची नावं ऐकून गरगरायला होतं. तुला त्यातले दोन-तीन पुरे. एक, नुसतं रिकामं मशीन घ्यायचं आणि सगळं आपण बसवायचं, एडब्ल्यूएसच्या ईसीटूसारखं. दोन, मशीन तसंच पण भाडं महिन्याचं ठरलेलं, डेटाही त्यातच धरलेला. लाइटसेल किंवा डिजिटलओशन या जातीतले. तीन, तू फक्त कोड दे, बाकी आम्ही बघतो म्हणणारे रेंडर, हिरोकू वगैरे. तिसरा प्रकार शिकताना छान, पण फुकटच्या मोहात पडू नकोस. हिरोकूने आपला फुकट प्रकार नोव्हेंबर २०२२मध्ये बंद केला आणि हजारोंची छोटी छोटी ॲप्स एका झटक्यात बेघर झाली. रेंडरची फुकट सेवा पंधरा मिनिटं कुणी आलं नाही तर झोपते आणि पुढच्या माणसाला ती जागी होईपर्यंत ताटकळत बसावं लागतं. दुबईतली बाई चकलीची ऑर्डर द्यायला येईल आणि कोरं पान बघून परत जाईल.

माझं मत विचारशील तर दुसरा प्रकार, २ जीबी मेमरीचं मशीन, महिना साधारण १२ डॉलर, म्हणजे हजारेक रुपये आणि वर कर. किती येणार हे खजिनदारबाईंना आधी सांगता येतं. सगळ्यात स्वस्त मशीन घेण्याचा कंजूषपणा इथे नको. अर्ध्या किंवा एक जीबीच्या मशीनवर तू ‘एनपीएम रन बिल्ड’ मारशील, स्क्रीनवर रेघा सरकतील, मग सगळं थबकेल आणि शेवटी एकच शब्द उमटेल: किल्ड. ना एरर, ना ओळ क्रमांक. अर्धा दिवस तू आपल्या कोडमध्ये खोट शोधत बसशील. कोड बरोबर असतो. मेमरी संपली म्हणून लिनक्सने तुझा प्रोग्रॅम मारलेला असतो. २ जीबी स्वॅप फाइल करून ठेवली तर त्यातून निभावतं, आणि बिल्ड लॅपटॉपवर करून तयार फाइल्सच वर पाठवल्या तर ही भानगडच उरत नाही.

कुबरनेटीज, म्हणजे मशिन्सचा ताफा हाकणारी यंत्रणा? अजिबात नको. २०१९च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक बघत होते. त्यांना तशी फौज लागते. तुझ्याकडे ऐन गर्दीत एका वेळी शंभर जण आले तरी पेढे वाट. एका मशीनवर पोस्टग्रेस, तुझं ॲप आणि पुढे एनजिनएक्स, एवढ्यात हे काम आरामात होतं. मुलाखतीत सांगायला बरं वाटेल म्हणून काकूंच्या पैशांत नवी तंत्रं शिकू नकोस.

मशीन कुठल्या शहरात घ्यायचं, यावर तू म्हणालीस की गिऱ्हाईक न्यू जर्सी, सिंगापूर, दुबईत, मग अमेरिकेत घेऊ का. मुंबईत घे. एडब्ल्यूएसची मुंबईतली डेटा सेंटर्स २०१६पासून चालू आहेत, डिजिटलओशन घेतलंस तर बंगळूरु. दिवसभर त्या ॲपवर राबणार आहेत गटातल्या बायका: ऑर्डर बघणं, डबे भरले अशी खूण करणं, लेबल छापणं. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लागतो. वर्षातून एकदा ऑर्डर देणाऱ्याला ते जाणवतही नाही. दर क्लिकला ते थांबणारीला मात्र वैताग येतो. आणि एक लक्षात ठेव. एडब्ल्यूएसच्या पडद्यावर ईसीटूची यादी बघतेस तेव्हा वर जो रीजन निवडलेला असतो तेवढीच मशिन्स दिसतात. चुकून व्हर्जिनियात एखादं मशीन चालू राहिलं असेल तर मुंबईच्या पानावर सगळं स्वच्छ दिसेल आणि बिल वाढत राहील. बिलाच्या पानावर रीजनवार आकडे असतात, ते दर महिन्याला उघडून बघत जा.

सुरक्षेचं फार लांबवत नाही. क्लाउड भाड्याने घेणं म्हणजे घर भाड्याने घेण्यासारखंच आहे: भिंती, वीज, पाणी मालक बघतो, कडी-कुलूप आपलं. सर्व्हर चालू केल्यावर थोड्याच वेळाने लॉगिनचा लॉग उघडून बघ; कुठकुठून कोण कोण ‘रूट’, ‘ॲडमिन’ अशी नावं घालून दार ढकलत असतं. मजा वाटेल, मग पोटात गोळा येईल. पासवर्डने लॉगिन बंद कर, फक्त एसएसएच की चालू ठेव. बाहेरच्या जगाला ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट उघडे. डेटाबेसचा ५४३२ हा पोर्ट ‘तात्पुरता, घरून बघायला’ म्हणूनसुद्धा सगळ्यांना उघडू नकोस. जानेवारी २०१७मध्ये असेच पासवर्डाविना उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कुणीतरी रिकामे केले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवून गेले. तुझ्या डेटाबेसात लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, बाई. आणि पासवर्डांची ती ‘डॉट ईएनव्ही’ फाइल गिटमध्ये घालू नकोस. आधीच घातली असशील तर नुसती काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. सगळे पासवर्ड आणि की बदल.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं घे, फुकट आहे. ते नव्वद दिवसांचं असतं, सर्टबॉट आपोआप नवं करतो. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा ईमेल यायचा. जून २०२५पासून तो बंद झालाय. तेव्हा नूतनीकरण खरंच होतंय का हे सर्टबॉटची ‘ड्राय रन’ मारून आत्ताच बघ.

आता वेळेबद्दल. हे तुझ्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. लॅपटॉपचं घड्याळ भारताचं आहे. नव्या सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तू क्रॉनमध्ये ‘सकाळी नऊला आजच्या ऑर्डरींची यादी पाठव’ असं लिहिशील आणि यादी येईल दुपारी अडीचला. हे निदान लगेच कळतं. न कळणारी गंमत पुढे आहे. सर्व्हरचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेली ऑर्डर ‘काल’मध्ये जाऊन बसते. आणि त्या वेळात ऑर्डर देणारं कोण? ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे अडीच ते रात्रीचे आठ वाजलेले असतात. नेमकी तुमची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं! ‘परदेशच्या ऑर्डरी अमुक तारखेपर्यंतच’ अशी अट तू कोडमध्ये घातली आहेस ना, मग त्या रात्री मुदत उलटून गेल्यावरही ऑर्डरी घेतल्या जातील आणि दुसऱ्या दिवशी बेरीज जुळणार नाही. डेटाबेसात वेळ यूटीसीतच ठेव, तेच बरोबर. पण ‘दिवस’ ठरवताना प्रत्येक ठिकाणी आशिया/कोलकाता हा झोन स्पष्ट लिही. मग मुद्दाम रात्री एक वाजताची तारीख घालून चाचणी घे.

फोटोंचं एका दमात सांगून टाकते. फोनवरून काढलेला अनारशाचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. पानावर असे चाळीस टाकलेस तर एका माणसामागे दीडशे-दोनशे एमबी, हजार माणसं आली की दीडशे-दोनशे जीबी बाहेर. चढवतानाच आकार कमी कर, शे-दीडशे केबीत उत्तम दिसतो. आणि हिरोकूसारख्या ठिकाणी गेलीसच तर फोटो तिथल्या डिस्कवर ठेवू नकोस. दर डिप्लॉयला ती डिस्क कोरी होते.

बॅकअप. यावर तू ‘हो, ऑटोमॅटिक चालू केलाय’ म्हणालीस आणि विषय संपवलास. मला संपवायचा नाही.

३१ जानेवारी २०१७ची गोष्ट, गिटलॅब या कंपनीची. जगभरचे प्रोग्रॅमर जिथे कोड ठेवतात अशातली ती एक, म्हणजे माणसं तयारीची. रात्री उशिरा त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसची बिघडलेली दुय्यम प्रत नव्याने उभी करत होता. जुना फोल्डर पुसायचा होता दुय्यम सर्व्हरवरचा. पुसला गेला मुख्य सर्व्हरवरचा. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने कमांड थांबवली, तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला लागले. रोजचा डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, एडब्ल्यूएसच्या एस-थ्री या साठवणीत जातो असं सगळे धरून चालले होते. बघतात तर बकेट रिकामं. डम्प काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस ९.२चा आणि डेटाबेस ९.६चा, त्यामुळे डम्प निघतच नव्हता. निघत नाही असे ईमेलही सुटत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचले कशामुळे, तर सहा तास आधी एकाने भलत्याच कामासाठी हाताने काढलेल्या स्नॅपशॉटमुळे. मधल्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहून ठेवलंय, दुरुस्ती तर यूट्यूबवर थेट दाखवली. मला त्या लोकांचा आदर वाटतो.

तेव्हा ‘बॅकअप चालू आहे’ याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. कालचा डम्प तुझ्या लॅपटॉपवर उतरव, रिकामा डेटाबेस करून त्यात भर, ॲप त्याला जोड आणि शेवटची ऑर्डर दिसते का बघ. घड्याळ लावून कर, म्हणजे प्रसंग आला तर काकूंना ‘अर्ध्या तासात’ म्हणायचं की ‘उद्या’ हे तुला ठाऊक असेल. एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे, दुसऱ्या खात्यात ठेव. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन फंडाचं गूगल क्लाउडवरचा प्रायव्हेट क्लाउड गूगलच्याच बाजूच्या एका चुकीच्या सेटिंगने पुसला गेला. तेव्हाच्या निवेदनानुसार दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या, कारण वर सबस्क्रिप्शन एकच. पुन्हा उभं राहताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा आधार झाला. लाखो लोकांच्या म्हातारपणाचा पैसा सांभाळणाऱ्यांची ही कथा. तुझा डम्प काही एमबीचा, तो दुसरीकडे ठेवायला महिन्याला चहाचेही पैसे पडत नाहीत.

लाइव्ह केल्यावर काय करशील? गप्प बस. खरंच. परदेशच्या ऑर्डरी जोरात असतात ते तीन-चार आठवडे नवीन काही चढवायचं नाही. काकू म्हणतील, बटणाचा रंग केशरी हवा, दिवाळीनंतर म्हणायचं. बग निघालाच तर सकाळी चढव, रात्री जेवणानंतर कधीच नाही, आणि आधीची आवृत्ती परत लावायची कमांड समोर लिहून ठेव. साइट चालू आहे का हे दर पाच मिनिटांनी बघणाऱ्या फुकट सेवा मिळतात, त्यातली एक लाव. तिचा मेसेज तुला आणि गटातल्या आणखी एकीला जाऊ दे. सर्व्हर रीबूट करून बघ, ॲप आपोआप उठतं का; सिस्टमडीत नोंद केली नसेल तर उठणार नाही, आणि ते तुला पाडव्याच्या दिवशी कळेल.

साइट पडलीच, तर आधी डिस्क भरली का ते बघ. लॉग साचून डिस्क भरते आणि मग पोस्टग्रेस लिहायचंच बंद करतो. ‘डीएफ’ कमांड मारायला दोन सेकंद लागतात, आणि निम्म्या वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

तुझ्या पैशांचं. ॲप बांधायचे घेतलेस ते बांधायचे. हंगामात फोन उचलायचे वेगळे, दर आठवड्याचे, आणि ते आगाऊ सांग. वेळही सांग: सकाळी नऊ ते रात्री नऊ. रात्री दोनला न्यू जर्सीतल्या कुणाचं पेमेंट अडकलं तर पानावर ‘आम्ही सकाळी बघतो’ अशी ओळ आणि गटाचा व्हॉट्सॲप नंबर पुरे. तुझा नंबर तिथे टाकू नकोस. मुलींचे नंबर असे टाकले की सर्व्हरच्या तक्रारी कमी आणि ‘हाय’ जास्त येतात, ते तुला वेगळं सांगायला नको.

दिवाळी उलटली की मशीन नुसतं बंद करून ठेवू नकोस. डिजिटलओशनवर बंद मशीनचंही भाडं चालू राहतं. ईसीटूवर मशीनचं थांबतं, पण डिस्कचं आणि राखून ठेवलेल्या आयपीचं चालूच. डेटाबेसचा शेवटचा डम्प दोन जागी उतरव, मशीनचा स्नॅपशॉट घे, तो उघडून एकदा तपास, मगच मशीन पूर्ण काढून टाक. स्नॅपशॉटचे महिन्याला काही रुपये पडतील, पुढच्या भाद्रपदात त्यावरून मशीन परत उभं करता येईल. तोवर डोमेनवर नुसतं एक साधं पान ठेवलंस की झालं. गिटहब पेजेसवर ते फुकट राहतं. फोटो एकच ठेव, चकलीचा.